एक गोळी आणि दोन जावा

ब्रह्मपुरी हें माझें आजोळ. चांद्याच्या जंगलपट्टीच्या तोंडाशीं वसलेल्या त्या गांवांत माझ्या दोघी मामी, थोरली आणि धाकटी, एकाच वाड्यांत आणि एकाच चुलीवर पस्तीस वर्षें नांदल्या. उतारवयांत दोघींनाही रक्तदाबाचा विकार जडला, आणि दोघींनाही एकाच डॉक्टरांनीं एकच गोळी लिहून दिली. निफेडिपिन हें त्या गोळीचें नांव. गोळ्या एकाच दुकानांतून येत, एकाच पितळी डब्यांत राहत, आणि दोघी जावा त्या सकाळीं चहाबरोबर घेत. दांत घांसावयाची राखुंडीही एकच. असें असतां वर्षाच्या आंत थोरल्या मामींच्या हिरड्या वाढूं लागल्या. प्रथम समोरच्या दोन दांतांमधील हिरडीचें टोंक फुगलें. मग तें शेजारच्या टोंकास मिळालें. आणि अखेरीस खालचे दांत निम्म्याहून अधिक हिरडीखालीं झांकून गेले. दुखत कांहीं नसे. परंतु घांस चावतांना रक्त येई, आणि बोलतांना त्या पदर तोंडाशीं धरीत. धाकट्या मामींच्या हिरड्या होत्या तशाच राहिल्या. थोरल्या मामींस ज्या दंतवैद्याकडे नेलें त्यांनीं तोंडांत पाहिलें, कपाळास आठ्या घातल्या, आणि "तुम्ही दांत नीट घांसत नाहीं" असा निकाल दिला. जन्मभर सोवळ्याओवळ्यानें राहिलेल्या बाईस याहून मोठा अपमान कोणता वाटणार?

एकच औषध, एकच घर, एकच अन्न. आणि परिणाम मात्र दोन! या घरगुती कोड्याचा उलगडा करूं लागलों तेव्हां मला आढळलें कीं, त्याच्या मागें जवळ जवळ एका शतकाचा इतिहास उभा आहे. हा इतिहास एका दृष्टीनें औषधांचा आहे. पण खरें पाहतां तो दोषारोपाचा इतिहास आहे. औषधानें अपाय झाला तर तो कोणाच्या माथीं मारावयाचा? औषधाच्या, रोग्याच्या संवयींच्या, कीं त्याच्या आईबापांकडून त्यास मिळालेल्या वारशाच्या?

हा प्रश्न केवळ तोंडाच्या शोभेचा आहे असें कोणीं समजूं नये. १९८२ सालीं जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्याचे दोन भाग पडून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. या भागाचें नांव निघालें कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें सागाचीं आणि बांबूचीं वनें, हिंवताप, उपासमार आणि सर्पदंश एवढेंच उभें राहतें. रक्तदाब हा गादीवर बसणाऱ्या सावकाराचा रोग. मोहफुलें वेंचणाऱ्या गोंडाचा किंवा माडियाचा त्याच्याशीं काय संबंध, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांतही असे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेनें ही समजूत पार मोडून काढली. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत गडचिरोलींतील ८६ खेड्यांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचें कारण संस्थेनें शोधून पाहिलें. एकंदर १,५९९ मृत्यूंपैकीं २२९, म्हणजे शेंकडा १४.३, मृत्यु एकट्या अर्धांगवायूचे निघाले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणानें इतके बळी घेतले नव्हते. हीं माणसें बहुतेक आपापल्या घरींच गेलीं. दवाखान्याची पायरी फार थोड्यांनीं पाहिली. पुढें २०१८ सालीं आदिवासींच्या आरोग्याविषयीं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनें सांगितलें कीं, भारतांतील दर चार प्रौढ आदिवासींमागें एकास रक्तदाबाचा विकार आहे. तेव्हां रक्तदाबाची गोळी धानोऱ्यास आणि भामरागडास पोंचली पाहिजे, आणि पोंचल्यावर ती रोज पोटांत गेली पाहिजे, यावर तेथील कित्येक कुटुंबांचा कर्ता पुरुष किंवा घरची बाई जगते कीं नाहीं हें अवलंबून आहे. सरकारी दवाखान्यांत आज बहुधा पहिल्यानें दिली जाणारी गोळी म्हणजे ॲम्लोडिपिन. माझ्या मामींच्या निफेडिपिनची ती धाकटी बहीण.

या बहिणींचें कुळ थोडक्यांत सांगतों. रक्तदाब मोजण्याची दंडावरची पट्टी इटलींतील रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं काढली, आणि रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ सालीं तिला नळीनें आवाज ऐकण्याची जोड दिली. दाब मोजतां येऊं लागला; उतरवितां मात्र येत नव्हता. या कामीं आपल्या देशाचा वांटा मोठा आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि वैद्यांच्या बटव्यांतील ती मुळी जगभर गाजली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील शास्त्रज्ञांनीं तींतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. पण त्यानें कांहीं रोग्यांचें मन अत्यंत खिन्न होऊं लागलें, आणि तें हळूहळू मागें पडलें. खिन्नता कांहींनाच येई, सर्वांना नव्हे. ही गोष्ट येथेंच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें आल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, स्नायूच्या पेशींत कॅल्शियमचा प्रवेश अडविणारीं द्रव्यें असूं शकतात. असा प्रवेश अडला म्हणजे रक्तवाहिनीचा ताण सैल पडतो व दाब उतरतो. याच जातीचें निफेडिपिन १९७५ सालीं बाजारांत आलें, आणि १९९० च्या सुमारास ॲम्लोडिपिन. तें शरीरांत दीर्घ काळ टिकतें, त्यामुळें दिवसांतून एक गोळी पुरते. ज्या रोग्यास दवाखाना गांठण्यासाठीं पावसाळ्यांत नाला ओलांडावा लागतो त्याला हा गुण लहानसहान नव्हे.

हिरड्यांची कथा मात्र रक्तदाबापासून सुरू होत नाहीं. ती फेफऱ्यापासून सुरू होते. अमेरिकेंत बोस्टन येथें मेरिट व पटनम या दोघां डॉक्टरांनीं मांजरांवर प्रयोग करून फेनिटॉइन हें औषध फेफऱ्यावर चालतें असें ठरविलें, आणि १९३८ सालीं तें रोग्यांस देण्यास आरंभ झाल्याचें प्रसिद्ध झालें. गुंगी न आणतां फेफरें थांबविणारें तें औषध म्हणजे त्या काळीं वरदानच होतें. परंतु अवघ्या एका वर्षांत, १९३९ सालीं, किंबल या डॉक्टरांनीं आपल्या ११९ रोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली, आणि तींत शेंकडा ५७ जणांच्या हिरड्या वाढलेल्या आढळल्या. हा आंकडा पाहून वैद्यकीय जग चकित झालें, व तें साहजिक होतें. पण मला त्याची दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. शेंकडा ४३ रोग्यांनीं तेंच औषध घेतलें आणि त्यांच्या हिरड्यांस कांहींही झालें नाहीं. ब्रह्मपुरीच्या वाड्यांतील कोडें तें हेंच. त्या वेळीं याचें कारण जीवनसत्त्वांच्या उणिवेंत शोधण्याचा प्रयत्न झाला, तोंडाच्या अस्वच्छतेंत झाला; वंशाकडे लक्ष जाण्यास पुष्कळ अवकाश होता.

पुढें चाळीसएक वर्षें ही व्याधि फेफऱ्याच्या रोग्यांचीच समजली जात होती. मग १९८३ सालीं, मूत्रपिंड बदललेल्या माणसांस देण्यांत येणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधानेंही तीच वाढ होते असें निदर्शनास आलें, आणि १९८४ सालीं निफेडिपिनविषयीं पहिलीं वृत्तें आलीं. ॲम्लोडिपिन निर्दोष असावें अशी आशा होती. परंतु १९९३ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, हें औषध दांत आणि हिरडी यांच्या सांदींत पाझरणाऱ्या द्रवांत रक्तापेक्षां कितीतरी अधिक सांठतें, आणि त्यानेंही हिरड्या वाढूं शकतात.

तीन निरनिराळ्या रोगांवरील तीन औषधें, आणि तिहींचा उपद्रव एकाच जागीं, हें नवलच. तिहींचाही पेशींतील कॅल्शियमच्या व्यवहाराशीं या ना त्या रीतीनें संबंध येतो, एवढा धागा सांपडतो. हिरडीच्या अंगांत तंतु विणणाऱ्या पेशी असतात. त्या नवे तंतु विणतात, आणि जुने तंतु गिळून जिरवूनही टाकतात; विणकर तेच आणि झाडूवालेही तेच. या औषधांनीं विणकाम चालू राहतें, पण झाडलोट मंदावते, आणि अडगळ सांठून हिरडी फुगते. त्यांत दांतांवर बसणाऱ्या चिकट थरानें हिरडीस सूज असली तर वाढ अधिक होते. जेथें दांतच उरलेला नाहीं तेथें ती सहसा होत नाहीं. म्हणून आमच्या दंतवैद्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. दांत स्वच्छ ठेवल्यानें वाढ कमी होते, हें खरेंच आहे. पण फुगलेल्या हिरडीखालीं दांत घांसतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. अस्वच्छतेनें हिरडी वाढली कीं वाढलेल्या हिरडीनें अस्वच्छता आली, हें ठरविण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावयास हवे होते: "आपण कोणतीं औषधें घेतां? आणि केव्हांपासून?" ते कोणीं विचारले नाहींत.

ही व्याधि किती जणांस होते? न्यूकॅसलच्याच मंडळींनीं १९९९ सालीं नऊशेंवर लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. निफेडिपिन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६.३ जणांच्या हिरड्या लक्षांत येण्याइतक्या वाढल्या होत्या. ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांचें प्रमाण औषध न घेणाऱ्यांहून फारसें वेगळें निघालें नाहीं. पुरुषांस हा धोका स्त्रियांच्या तिप्पट. म्हणजे धाकटी बहीण थोरलीपेक्षां पुष्कळच सौम्य आहे, हें प्रथम सांगून ठेवणें अवश्य आहे. नाहीं तर हा लेख वाचून एखाद्या भित्र्या वाचकानें आपली गोळी खिडकींतून फेंकून द्यावयाची!

आतां वारशाकडे वळूं. औषध आणि वंश यांची गांठ प्रथम पक्की बांधली गेली ती हिंवतापाच्या औषधामुळें, आणि गडचिरोलीसारख्या हिंवतापानें पछाडलेल्या जिल्ह्याचा विचार करतांना ही कथा वगळून चालणार नाहीं. प्रायमाक्विन हें औषध घेतल्यावर कांहीं माणसांच्या तांबड्या रक्तपेशी एकाएकीं फुटूं लागत व लघवी काळी होई. अमेरिकेंतील एका तुरुंगांत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांतून १९५६ सालीं उलगडा झाला कीं, या माणसांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नांवाचें एक पाचक द्रव्य जन्मतःच उणें असतें. (कैद्यांवर असे प्रयोग करावे काय, याविषयीं पुढें फार टीका झाली, आणि ती योग्यच होती.) ही उणीव घराण्यांतून उतरते, आईकडून मुलाकडे. एरवीं तिचा पत्ताही लागत नाहीं. औषध पोटांत गेलें कीं ती प्रकट होते. लौकरच मुंबईंत बक्षी, बालकृष्णन् व संघवी या संशोधकांनीं हीच उणीव पारशी समाजांत पुष्कळ प्रमाणांत असल्याचें दाखविलें. १९५९ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांनीं या नव्या विद्येस 'फार्माकोजेनेटिक्स' असें नांव दिलें; आपण तिला औषध-आनुवंशिकी म्हणूं. विदर्भास रक्तांतील वारशाची ओळख दुसऱ्याही वाटेनें झाली. १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी यांनीं नागपूरकडील लोकांत कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा, म्हणजे सिकलसेलचा, वारसा आढळल्याचें प्रसिद्ध केलें, आणि आज गडचिरोलींतील खेड्यापाड्यांत 'सिकलसेल' हा शब्द हिंवतापाइतकाच घरगुती झाला आहे.

प्रकृति पाहून औषध द्यावें हें आमच्या वैद्यकांत सांगितलेलेंच आहे, असें येथें कोणी म्हणेल. म्हणणें खोटें नाहीं. पण प्रश्न सुचणें निराळें आणि उत्तर सांपडणें निराळें. पूर्वजांस प्रश्न सुचला होता यांतच आपण समाधान मानावें, उत्तराचें श्रेय त्यांच्या पदरांत बांधण्याची घाई करूं नये.

हिरड्यांच्या बाबतींत वंशाचा पुरावा हळूहळू जमा होत गेला. कांहीं घराण्यांत औषध न घेतांही पिढ्यान्‌पिढ्या हिरड्या वाढतात. ब्राझीलमधील अशा एका मोठ्या कुटुंबांत 'सॉस-वन' या जनुकांतील बिघाड हें त्याचें कारण असल्याचें २००२ सालीं सिद्ध झालें. म्हणजे हिरडीच्या वाढीची किल्ली जनुकांत असूं शकते हें निर्विवाद ठरलें. तत्पूर्वीं प्रयोगशाळेंत असेंही दिसून आलें होतें कीं, तंतु विणणाऱ्या पेशी सर्व माणसांत एकसारख्या नसतात. कोणाच्या औषधास चटकन् प्रतिसाद देतात, कोणाच्या ढिम्म राहतात. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांत पेशींवरील एच्-एल्-ए या वंशागत खुणांचा व हिरड्यांच्या वाढीचा संबंध १९९० नंतर तपासला गेला. आणि २००६ सालीं जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ड येथील संशोधकांनीं खास रक्तदाबाच्या या गोळ्यांविषयीं एक महत्त्वाची गोष्ट पुढें मांडली. आपल्या पेशींच्या दारावर एक द्वारपाल असतो. परकें द्रव्य आंत शिरलें कीं त्यास धरून बाहेर काढणें हें त्याचें काम. हा द्वारपाल घडविणाऱ्या जनुकाचें नांव एम्-डी-आर्-वन. त्याचीं रूपें माणसामाणसांत थोडथोडीं वेगळीं असतात, आणि हिरड्या वाढण्याच्या धोक्याशीं या भेदाचा संबंध ग्राइफ्सवाल्डच्या रोग्यांत दिसून आला. एकाचा द्वारपाल दक्ष, दुसऱ्याचा डुलक्या घेणारा. दोघांस गोळी मात्र सारखीच. तथापि या एकाच जनुकावर सारा भार टाकतां येत नाहीं. एका देशांत दिसलेला असा संबंध दुसऱ्या देशांत दिसेलच असें नाहीं, आणि रक्त तपासून "तुमच्या हिरड्या वाढतील" असें आधीं सांगण्याची सोय व्यवहारांत आलेली नाहीं. वंश, औषधाची मात्रा, तोंडाची स्थिति, स्त्री कीं पुरुष, हीं सर्व एकत्र येऊन निकाल देतात.

येथें एक शंका मनांत आल्यावांचून राहत नाहीं. हीं संशोधनें कोणाच्या रक्तावर झालीं? इंग्लंड, जर्मनी, फिनलंड, तुर्कस्थान येथील रोग्यांच्या. मानववंशांप्रमाणें या द्वारपालाच्या जनुकाचीं रूपें कमीअधिक प्रमाणांत आढळतात हें ठाऊक आहे. आणि माडिया, गोंड, परधान, हलबा या समाजांत बेटीव्यवहार शतकानुशतकें बहुतांशीं आपापल्या जमातींतच होत आला आहे. मग न्यूकॅसलचे शेंकडे भामरागडास जसेच्या तसे कसे लागू पडणार? भारतांतील निरनिराळ्या समाजांतील दहा हजार लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन २०२४ सालीं पुरें झालें, आणि त्यांत आदिवासी समाजांचाही समावेश आहे. ही मोठी भांडवली ठेव आहे. पण तिच्या व्याजाची वाट पाहत बसण्याइतका वेळ अर्धांगवायु कोणास देत नाहीं.

सुदैवानें तोंवर करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. गोळी देणाऱ्या परिचारिकेनें तीन महिन्यांनीं एकदां रोग्याचें तोंड उजेडांत पाहिलें तरी पुरे. कारण ही वाढ बहुधा पहिल्या कांहीं महिन्यांतच डोकें वर काढते, आणि समोरच्या दांतांपासून सुरू होते. मात्र पूर्व विदर्भांत तोंड पाहणें इतकें सोपें नाहीं. तेथें सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा गालांत धरण्याची संवय म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत आहे. त्यानें दांत रंगतात, हिरड्या बिघडतात, तोंड पुरें उघडेनासें होतें; आणि मग हिरडीचा प्रत्येक दोष खर्‍याच्या नांवावर सहज खपून जातो. खर्रा निरपराध आहे असें नव्हे. पण त्याच्या आड गोळीचा अपराध लपतो, आणि रोग्यास पुन्हां तोच निकाल ऐकावा लागतो, जो माझ्या मामींनीं ऐकला. उपाय अवघड नाहीं. त्या जातीची गोळी बदलून रक्तदाबाची दुसऱ्या जातीची गोळी द्यावी, म्हणजे हिरड्या बहुधा कांहीं महिन्यांत ओसरतात. शस्त्रानें कापून काढल्या आणि गोळी तीच ठेवली तर त्या पुन्हां येतात.

थोरल्या मामींच्या बाबतींत असेंच झालें. हिरड्या एकदां कापल्या, पुन्हां आल्या. एका पावसाळ्यांत दुकानांतील गोळ्या संपल्या व तीन आठवडे मिळाल्या नाहींत, तेव्हां रक्त येणें कमी झालें. जें दंतवैद्यांस कळलें नाहीं तें त्यांचें त्यांनाच कळलें, आणि त्यांनीं कोणासही न सांगतां गोळी सोडून दिली. डब्यांतील आपल्या वांट्याची गोळी त्या रोज उचलीत व तुळशीच्या कुंडींत टाकीत, हें पुढें उघडकीस आलें. पुढच्या संक्रांतीच्या सुमारास, तिळगूळ वळतां वळतां, त्यांच्या उजव्या हातांतून लाडू गळून पडला. नागपूरच्या डॉक्टरांनीं त्यांचें तोंड पाहतांच गोळीचें नांव विचारलें, आणि ती बदलली. दिवाळीपर्यंत हिरड्या पुष्कळ उतरल्या, वाचाही बरीच परतली. उजवा हात परतला नाहीं.

धाकट्या मामी पुढेंही तीच जुनी गोळी घेत राहिल्या, आणि त्यांस तिचा कधीं कांहीं त्रास झाला नाहीं. पितळी डबा त्यांच्याकडेच राहिला. थोरल्या मामींच्या नव्या गोळ्या मग एका निराळ्या बरणींत ठेवूं लागले, आणि सकाळीं चहाबरोबर ती बरणी उघडून गोळी त्यांच्या डाव्या हातावर ठेवण्याचें काम धाकट्या मामी करीत.